सिद्धटेकहून परत फिरणाऱ्या गाड्या

अष्टविनायकांपैकी पाच गणपती पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि एकच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तो कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकचा उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक. भीमेच्या उत्तर तीरावर बसला म्हणून तो नगरच्या वाट्याला आला. नदी ओलांडली की शिरापूर, आणि शिरापूर पुणे जिल्ह्यात. पूर्वी भाविक शिरापूरला उतरून नावेने पैलतीरी जात. नाव टाळायची असेल तर दौंड-काष्टी-पेडगाव असा सुमारे ४८ किलोमीटरचा वळसा होता. पुढे शिरापूरला पूल झाला आणि दौंडहून सिद्धटेक १९ किलोमीटरवर आले. सोय झाली, याबद्दल वाद नाही. पण त्याच पुलाने काष्टी आणि पेडगाव यात्रेकरूंच्या वाटेवरून बाजूला पडले. आता गाड्या पुलावरून येतात, दर्शन होते, प्रसाद घेतला जातो आणि आल्या वाटेने गाड्या परत फिरतात. पुढचा गणपती गाठायचा असतो. माझे म्हणणे इतकेच की भीमेच्या या काठावर एक अख्खा दिवस घालवावा एवढा ऐवज आहे. त्यासाठी नवे स्मारक उभारायला नको, पुतळाही नको. नदीचे दोन्ही काठ मिळून एकच मुलूख आहे हे मान्य करावे लागेल आणि इथल्या माणसांचा रोजचा धंदा पाहण्याजोगा आहे, एवढा विश्वास ठेवावा लागेल.

हा मुलूख सरहद्दीचा आहे, आजचा नव्हे, चारशे वर्षांपासूनचा. १६३६च्या तहाने निजामशाहीची वाटणी झाली तेव्हा या टापूत भीमा हीच मोगल आणि आदिलशाही यांच्यातली हद्द ठरली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांचे सरदार मिनाजी भोसले भीमा उतरून चांभारगोंदा, म्हणजे आजचे श्रीगोंदा, आणि राशीन या मोगली परगण्यांत शिरले. पावसाळ्याआधीची उथळ नदी पार करणे म्हणजे त्या काळी दिल्लीच्या बादशहाच्या राज्यात पाऊल टाकणे होते. पुढे औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याने पेडगावला छावणी टाकून किल्ला बांधून काढला, तोही ही हद्द सांभाळण्यासाठीच. राज्याभिषेकाला दीड महिना होतो न होतो तोच, जुलै १६७४ मध्ये, मराठ्यांच्या दोन हजारांच्या तुकडीने खानाला हूल देऊन छावणीपासून लांब ओढले आणि दुसऱ्या सात हजारांच्या फौजेने मागे राहिलेली छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे हाती लागल्याचा हिशेब इतिहासग्रंथांत येतो. वेड पांघरून पेडगावला जाणारे लोक महाराष्ट्रात गल्लोगल्ली भेटतील. पेडगाव नेमके कुठे आहे हे त्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल.

आज पेडगावच्या किल्ल्यात काय आहे? भीमेला लागून लांबवर गेलेली तटबंदी, काटेरी झुडपांत अर्धवट बुडालेल्या इमारती आणि किल्ल्याहून कितीतरी जुनी, यादवकाळातली मंदिरे. त्यात लक्ष्मीनारायणाचे मंदिर असे आहे की नुसते त्याचे खांब आणि बाहेरची शिल्पे पाहायला अर्धा दिवस पुरू नये. नदीच्या अंगाला हत्तीमोटेचे बांधकाम आहे: भीमेचे पाणी हत्तींकडून उपसून वर घ्यायचे आणि छावणीला पुरवायचे. हजारो माणसे आणि त्याहून जास्त जनावरे एका जागी मुक्कामाला असली की पाण्याचा प्रश्न किती मोठा होतो, हे पुस्तकापेक्षा त्या दगडी बांधकामापाशी उभे राहून लवकर कळते. आणि हेच ते ठिकाण, जिथे १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना दोन आठवड्यांनी औरंगजेबापुढे आणले गेले. मंदिर, मोगल छावणी आणि मराठ्यांच्या इतिहासातला तो काळा दिवस, असे तीन थर एकाच तटाच्या आत सापडणारी जागा दुर्मीळ. जवळच्या श्रीगोंद्यात शिंद्यांचा वाडा आहे आणि मालोजीराजांचे गुरू मानले गेलेले, ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद यांचे स्थानही तिथेच आहे. हिंदू-मुसलमान, मोगल-मराठा असे सरळ कप्पे करू पाहणाऱ्याला हा तालुका फार सोयीचा नाही. सरहद्दीचे मुलूख बहुधा तसेच असतात.

अशा मुलखाचे काय करता येते, ते पाहायला युरोपातले एक गाव घेऊ. हंगेरीच्या पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाच्या पोटात शिरलेले शोप्रोन. पहिल्या महायुद्धानंतर हा पट्टा ऑस्ट्रियाला द्यायचे ठरले होते. डिसेंबर १९२१ मध्ये शोप्रोन आणि आसपासच्या आठ खेड्यांत सार्वमत झाले, सुमारे ६५ टक्के लोकांनी हंगेरीच्या बाजूने मत दिले आणि गाव हंगेरीत राहिले. ‘परमनिष्ठ नगर’ ही पदवी त्याला तेव्हापासून लागली. पण ही निष्ठा काही सगळ्यांना पावली नाही. शतकानुशतके तिथे द्राक्षे पिकवणारे जर्मनभाषक शेतकरी, जे वेलींच्या दोन ओळींमधल्या जागेत घेवडा लावत, त्यांतल्या बहुतेकांना १९४६ मध्ये घरेदारे सोडायला लावून देशाबाहेर काढले गेले. नंतर तिथेच काटेरी तारांचे पोलादी कुंपण आले. आणि त्याच कुंपणाचे एक फाटक १९ ऑगस्ट १९८९ रोजी ‘पॅन-युरोपियन पिकनिक’च्या निमित्ताने उघडले, तेव्हा सहाशेहून अधिक पूर्व जर्मन नागरिक त्यातून ऑस्ट्रियात पळाले. बर्लिनची भिंत त्यानंतर तीन महिन्यांत कोसळली. इतका कडू-गोड इतिहास पोटात असलेल्या या गावाने स्मारकेही उभारली. पण गाव चालते ते स्मारकांवर नाही.

ते चालते सीमेपलीकडून येणाऱ्या माणसांवर. ऑस्ट्रियन लोक शोप्रोनला मोठ्या संख्येने कशासाठी येतात, तर दात करून घ्यायला. हंगेरीत ते स्वस्त पडते. आले की बाजारहाट होते, जेवण होते. तिथे वाईन आहे, पण हंगेरीची जगप्रसिद्ध वाईन तिथली नव्हे. ती टोकायची, देशाच्या दुसऱ्या टोकाची. शोप्रोनची केकफ्रँकोश ही तांबडी वाईन चांगली असली तरी राजदरबारांत मिरवलेली नाही. तिचे वैशिष्ट्य ती कुठे मिळते यात आहे. बागायतदार आपल्या घराच्या दरवाजावर पाइनची फांदी टांगतो. फांदी दिसली की समजायचे, आत यंदाची वाईन मालकाच्या हातून मिळेल. ऑस्ट्रियात तर उत्पादकाने स्वतःची वाईन स्वतःच्या घरी विकण्याचा हक्क सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्येच मान्य केला होता. आणि या गावाला व्हिएन्नाशी जोडणारी रेल्वे कंपनी एकोणिसाव्या शतकात निघाली, तिच्यात हंगेरी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांची भागीदारी आहे, शीतयुद्धातही ती तुटली नाही. हे सगळे सांगण्याचे कारण इतकेच: सरहद्द ही अडचण न मानता तिचे भांडवल कसे करायचे, ते कुठल्याही थोर कलाकृतीशिवाय, उत्पादकाच्या उंबरठ्यावर आणि हद्दीपार धावणाऱ्या गाडीवर जमते.

आता काष्टीकडे वळू. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. भीमा ओलांडून नगरच्या बाजूला आले की सुरुवातीलाच काष्टीचे स्थानक लागते. इथला शनिवारचा जनावरांचा बाजार दूरवर माहीत आहे. शोप्रोनला लोक दात करून घ्यायला येतात, काष्टीला दात बघायला: गिऱ्हाईक बैलाचा ओठ वर करून आदत आहे, दुसा आहे की चौसा, ते पाहते आणि तिथेच किमतीचा निम्मा अंदाज बांधते. म्हशीची कास दाबून पाहिली जाते, चार पावले चालवून पायात काही खोट आहे का ते ताडले जाते, मग दलाल मध्ये पडतो. पूर्वीच्या पद्धतीने सौदा करणारे दोघे उपरण्याखाली हात धरून बोटांवर किंमत बोलतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा त्या दोन हातांपलीकडे जात नाही. जमले की विसार हातावर ठेवला जातो. हा बाजार म्हणजे काही गोठलेली परंपरा नाही. २०१५च्या गोवंश हत्याबंदीनंतर भाकड जनावरांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक दावणीला येऊन बसला, २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने राज्यभरचे बाजार बंद पडले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिल्यावर पळणाऱ्या खिल्लार खोंडांची बोली पुन्हा चढली. दिल्लीतला निकाल आणि एक विषाणू, दोन्हींचा परिणाम शनिवारच्या धुळीत मोजता येतो. ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थशास्त्र समजून घ्यायला यापेक्षा चांगला वर्ग पुण्याच्या कुठल्या संस्थेत भरत असेल, असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो रास्त आहे: बाजार म्हणजे तमाशा नव्हे. शेतकरी पोटासाठी म्हैस विकायला उभा आहे, शहरी पाहुण्यांनी मोबाइल घेऊन त्याच्या अडचणीचे फोटो काढायचे काय? काढायचे नाहीतच. पण पाहुणा आला की अपमान होतोच असे नाही, तो कोणाच्या अटींवर येतो यावर ते ठरते. याचा पुरावा भीमेच्याच काठावर, थोडे खाली आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या गावांत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे पक्षी दाखवायला नेतात ते मच्छीमारच, आपल्याच होड्यांतून. जेवण त्यांच्या घरचे, ताटात त्यांच्याच जाळ्यातला मासा. ज्यांची जमीन धरणात गेली त्या टापूत पाण्यातून दुसरी कमाई निघाली, आणि मासेमारी काही बंद पडली नाही. काष्टीतही हे करता येईल. बाजार समितीने पाहुण्यांसाठी सकाळची ठरावीक वेळ ठेवावी, प्रवेशाचे पैसे घ्यावेत, ते जनावरांच्या पाण्यावर आणि सावलीवर खर्च करावेत. बाजार समजावून सांगायला माणूस नेमायचा तर तो निवृत्त दलाल असावा. त्याच्याइतके कोणी सांगू शकणार नाही.

दुसरा आक्षेप वाईनचा. शोप्रोनचे नाव घेतले की कुणी तरी म्हणणार, म्हणजे आता भीमाकाठी दारूची दुकाने काढायची? जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. या जिल्ह्यात तो आवाज किती आतून उमटतो हे ज्यांनी दारूमुळे उठलेली घरे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. वाईन नाशिकला शोभते. तिथे २००१च्या राज्य धोरणाने वाईनउद्योगाला बळ दिले, गंगापूर धरणाच्या बाजूला बागेतच चाखण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि पर्यटन त्यामागून आले. श्रीगोंदा तालुक्यातही द्राक्षबागा आहेत, पण त्या खायच्या द्राक्षांच्या. इथे वाईनची नक्कल करणे म्हणजे उसने अवसान. मात्र दरवाजावरची ती फांदी, म्हणजे पिकवणाऱ्याने आपला माल आपल्या दारात, आपल्या हाताने, आपल्या भावाने विकणे, ही गोष्ट उसनी नाही. इथला माल ऊस, लिंबू, दूध, डाळिंब. आणि उसापासून पाहुण्यासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत होणारी वस्तू म्हणजे गूळ.

भीमेच्या दोन्ही काठांना ऊस आहे, आणि पलीकडच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची दाट वस्ती आहे. गुऱ्हाळ बघण्यासारखे असते ते त्यातल्या वेळेच्या अंदाजामुळे. घाण्यातून रस काहिलीत येतो, चुलवाणात चिपाडे सरकवली जातात, रस तापला की वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. मग उकळीचा आवाज बदलत जातो, फेस दाट होतो, काकवी होते. इथे एखादा तांब्या बाजूला काढला तर तो वेगळ्या भावाने जातो. त्यानंतरची काही मिनिटे गुळव्याची. पाण्यात थेंब टाकून तो बोटांनी वळून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. थोडे आधी उतरवले तर गूळ मऊ पडतो, थोडे उशिरा तर करपतो. या कौशल्याला आजच्या घडीला दर मिळतो तो ढेपेच्या वजनाचा. बघणाऱ्याने त्याला वेगळी किंमत दिली तर बिघडले कुठे? यातही खोट आहे, ती लपवायचे कारण नाही. काही गुऱ्हाळांत चुलवाणात प्लॅस्टिक आणि टाकाऊ कचरा जाळतात, गुळात साखर मिसळतात, रंग उजळायला रसायन घालतात, अशा तक्रारी वारंवार होतात. पण पाहुणा समोर उभा असेल तर चुलीत प्लॅस्टिक कोण टाकेल? अन्न निरीक्षकाच्या वर्षातल्या एखाद्या फेरीपेक्षा आठवड्याला येणारी तीस गिऱ्हाइके जास्त धाक बसवतील. राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, बारामतीजवळ पळशीवाडीला तर २००५ पासूनच हा प्रयोग चालू आहे. कागदाची अडचण उरलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. पेडगावला संभाजी महाराजांची विटंबना झाली. तिथे सहल न्यायची? फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाल्यापासून या प्रसंगाभोवतीच्या भावना किती तीव्र आहेत ते सगळ्यांनी पाहिले आहे. पुढच्याच महिन्यात संगमेश्वरला स्मारक करण्याची घोषणा राज्याच्या अर्थसंकल्पात झाली, तुळापूर आणि वढू बुद्रुकचे आराखडे त्याआधीपासून चालू आहेत. पेडगावलाही तसेच काहीतरी व्हावे ही मागणी स्वाभाविक आहे. पण स्मारकांचा आपला अनुभव काय सांगतो? उद्घाटनाला गर्दी, मग कमान, फरशी, कुलूपबंद दालन आणि बाहेर गवत. ज्या जागेवर इतिहास प्रत्यक्ष घडला तिथला तट ढासळत असताना बाजूला नवे सिमेंट ओतणे हा आदर कसा? आधी तट सावरावा, झुडपे काढावीत, मंदिरांचे पाणी मुरणे थांबवावे. दुर्गसंवर्धन करणारी तरुण पोरे हे काम पदरचे पैसे घालून ठिकठिकाणी करत असतात, त्यांना पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली मदत द्यावी. त्या जागेचे गांभीर्य राखायला तिथे माणसांची ये-जा हवी. वर्षातून दोनदा गर्दी आणि उरलेले दिवस गुरे चारणारे, यातून गांभीर्य राहत नाही. शोप्रोनने १९४६ची हकालपट्टी विसरलेली नाही आणि म्हणून दारेही बंद केलेली नाहीत.

उरली ती खरी अडचण, आणि ती लोकांची नसून कागदाची आहे. सिद्धटेक कर्जत तालुक्यात, पेडगाव आणि काष्टी श्रीगोंद्यात, दौंड आणि शिरापूर पुण्यात, भिगवण पुण्यातच पण इंदापुरात. तीर्थक्षेत्राचा निधी, रस्त्याचा निधी, फलकाचा निधी, सगळे जिल्हा नियोजन समितीच्या दारातून येते, आणि समितीचे दार भीमेपाशी संपते. पुणे जिल्ह्याच्या पर्यटनाच्या पुस्तिकेत पेडगाव कशाला येईल? नगरच्या पुस्तिकेत भिगवणचे पक्षी कशाला? दोन सार्वभौम देश एक रेल्वे कंपनी मिळून चालवतात आणि एकाच राज्यातले दोन जिल्हे एक फलक मिळून लावत नाहीत, याला दुसरे नाव नाही, हा आळस आहे. भाविकांना वेळ नसतो असे म्हणतात. वेळ असतो, पण पुढे काय आहे ते सांगणारा कोणी नसतो. सिद्धटेकच्या वाहनतळावर पेडगावची दिशा आणि अंतर दाखवणारा एक नीट फलक लागला तरी शंभरातल्या काही गाड्या वळतील, आणि त्या वळलेल्या गाड्यांना चहा, लिंबूसरबत, गूळ, जेवण लागेलच.

म्हणून मागणी मोठी नाही. येत्या हिवाळ्यात, उसाचे गाळप आणि रोहित पक्षी दोन्ही असताना, दौंड स्थानकातून दर शनिवारी सकाळी एक एसटी सोडावी: काष्टीचा बाजार, पेडगावचा किल्ला, सिद्धटेकचे दर्शन, शिरापूरच्या पुलावरून एखादे गुऱ्हाळ आणि संध्याकाळी पुन्हा दौंड. जुना वळसा ४८ किलोमीटरचा, नवा रस्ता १९चा. दोन्ही जोडले की सगळी फेरी ६७ किलोमीटरच्या आसपास बसते. पुण्याच्या आणि अहिल्यानगरच्या पालकमंत्र्यांनी एका कागदावर दोन सह्या कराव्यात, दोन्ही नियोजन समित्यांनी खर्च निम्मा निम्मा उचलावा आणि बस रिकामी धावली तर मार्चमध्ये ती खुशाल बंद करावी.